नानांच्या एका अक्षरापायी

आमच्याकडे चार माणसं जमली, चहा झाला, की कुणीतरी म्हणतंच, "अगं, ते बंगळूरला घर शोधत होतात ते सांग ना." मग मी सांगते. एक किस्सा सांगितला की त्याच्या मागून दुसरा आठवतो, दुसऱ्याच्या मागून तिसरा. ऐकणारे पोट धरधरून हसतात. हसणारे हसोत, मला मात्र अजून राग येतो. माझे केस पिकले, नाना गेले, आई गेली, पण राग आहे तिथेच आहे. तेव्हा तुम्हाला हसायचं तर हसा, मी रागावूनच सांगणार!

*

आधी आम्ही शाळेत का जात नव्हतो ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

माझे वडील, नाना, पुण्याहून बंगळूरला एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आले, तेव्हा मी आठ वर्षांची होते. पुण्यात दुसरी पास झालेली. इथल्या शाळेत बाईंनी मला कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, मी आपली टकामका बघत राहिले. झालं! मला नेऊन शिशुवर्गात बसवलं. ते बाक इतकं बुटकं की माझे गुडघे हनुवटीला लागत. महिनाभर मी चार-चार वर्षांच्या पोरांबरोबर मणी ओवले.

एक दिवस माझा डबा घरी राहिला म्हणून नाना तो द्यायला आले आणि त्यांनी खिडकीतून मला तशी बसलेली पाहिली. तडक आत शिरले, माझी पाटी उचलली, माझा हात धरला आणि बाईंना म्हणाले, "गाढवाच्या पिल्लालासुद्धा कुणी असं दुमडून बसवत नाही." मराठीत म्हणाले. बाईंना वाटलं आभार मानतायत, त्यांनी हसून नमस्कार केला.

त्या दिवसापासून शाळा बंद. माझा धाकटा भाऊ विजू, त्यानं तर शाळेची पायरीच पाहिली नाही. नानांनी तत्त्व करून टाकलं, "मूल आपलं आपण शिकतं. त्याला शिकवायचं नसतं. आणि गप्प तर मुळीच बसवायचं नसतं." यातलं शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आम्ही शिकलो, नाही असं नाही. बिघडलेली घड्याळं उघडली, नकाशे काढले, टेपनं अख्खी गल्ली मोजली. कन्नड मी फूलवालीच्या टोपलीशेजारी बसून आणि गल्लीतल्या पोरींशी भांडून शिकले. नाना कन्नड शिकले पुस्तकातून. टेबलाशी बसून, पेन्सिलीला टोक काढून, वहीत उतरवून. आणि त्याचा केवढा अभिमान!

*

शाळेत न जाणारी पोरं म्हणजे लोकांना मोफतचा तमाशा. जो येईल तो परीक्षा घ्यायचा. आमचे एक लांबचे आप्त होते, जोशीकाका, ते तर चपला काढायच्या आधी विचारायचे, "काय गं, सतराचा पाढा येतो का?"

मी म्हणायचे. दर रविवारी म्हणायचे. तीन वर्षं त्या माणसाला सतराच्या पुढचा आकडा सुचला नाही. शेवटी एका रविवारी माझं डोकं फिरलं. सतराचा म्हणून झाल्यावर मी म्हटलं, "काका, आता तुम्ही एकोणतिसाचा म्हणा."

काका 'एकोणतीस चोक'पर्यंत आले आणि तिथेच अडकले. चहा न घेता गेले. आईनं मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी माफी मागायला पाठवलं. काकूंनी दार उघडलं, ऐकून घेतलं आणि हातावर दोन बेसनाचे लाडू ठेवले. काका आतल्या खोलीत एकोणतिसाचा पाढा पाठ करत होते म्हणे.

*

मी अकराची आणि विजू सात वर्षांचा असताना घरमालकांनी सांगितलं, दसऱ्याच्या आत घर रिकामं करा, लेक-जावई राहायला येणार आहेत. नाना म्हणाले, मिळेल दुसरं, बंगळूरला काय घरांचा दुष्काळ आहे?

हे पुण्याला नानांच्या भावाला, आमच्या सख्ख्या काकांना, कळलं. काका तिथे एका शाळेत ड्रिल मास्तर. त्यांचं पत्र आलं. घर मिळत नसेल तर मुलांना माझ्याकडे पाठवा, शाळेत घालतो, वर्षभरात सरळ करतो. आईनं ते पत्र दोनदा वाचलं आणि देवघरात ठेवलं. मग नानांना निक्षून सांगितलं की दसऱ्यापर्यंत घर मिळालं तर ठीक, नाहीतर मुलं पुण्याला जातील.

विजू मला विचारायला लागला, ताई, आपण वाकडे आहोत का? मला त्या पत्राचा असा राग आला की काय सांगू. काकांच्या घरी सगळे शिट्टीवर उठत, शिट्टीवर जेवत. आईपासून पाचशे मैलांवर जाऊन मला सरळ व्हायचं नव्हतं.

*

घर मिळायच्या आधीच नानांनी सामान बांधायला काढलं. म्हणे मुलं करतील, यातून पुष्कळ शिकतील. आई म्हणाली, निदान स्वयंपाकघर राहू द्या. नाना म्हणाले, अगं, त्यांना त्यांच्या पद्धतीनं करू दे.

विजूनं त्याच्या पद्धतीनं केलं. सगळे डबे खोक्यांत भरले, सुतळीनं बांधले आणि प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते सुरेख अक्षरात लिहिलं. कन्नडमध्ये! मी त्याला ती लिपी दुकानांच्या पाट्यांवरून शिकवली होती.

नाना हरखून गेले. बघितलंस, कुणी न शिकवता पोरगा लिपी शिकला! शिकवणारी मी तिथेच उभी होते, ते सोडा. आईला कन्नडचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. पुढचे तीन आठवडे ती फोडणीच्या वेळी हाका मारत असे, "अरे विज्या, हळद कुठल्या खोक्यात आहे?" आणि विजू अंगणातून वाचायला धावत यायचा. तोवर तेल जळायचं. तीन आठवडे आम्ही करपलेली आमटी जेवलो.

*

आता घरांकडे येते. पहिलं घर मल्लेश्वरमला. वरचा मजला, पुढे गच्ची, मागे नारळ. खाली मालक राहायचे, रिटायर्ड पोस्टमास्तर. गृहस्थ फार सज्जन. कॉफी दिली, भाडं ठरलं, कुलपाची किल्ली टेबलावर आली. मग त्यांनी सहज विचारलं, मुलं कुठल्या शाळेत आहेत?

नाना याचीच वाट बघत होते. ताठ बसले आणि आपल्या पुस्तकी कन्नडमध्ये म्हणाले, ही शाळेत जात नाहीत, "मनेल्ले ओड्तारे."

आता ऐका. नानांना म्हणायचं होतं, मुलं घरीच अभ्यास करतात. अभ्यास करतात म्हणजे 'ओद्तारे'. 'ओड्तारे' म्हणजे पळतात! ही शाळेत जात नाहीत, घरातल्या घरात पळतात, असं नाना सांगत होते. कुणाला? तर ज्याच्या डोक्यावर आम्ही राहायला जाणार होतो त्याला.

पोस्टमास्तरांनी वर छताकडे पाहिलं. दिवसभर का, म्हणून विचारलं. नाना अभिमानानं म्हणाले, सकाळपासून रात्रीपर्यंत, रविवारीसुद्धा!

मी नानांचा शर्ट ओढला. कानाशी लागून म्हटलं, नाना, चुकलं. नानांनी माझा हात झटकला आणि म्हणाले, "मोठी माणसं बोलताना मध्ये बोलायचं नाही."

किल्ली टेबलावरून परत खिशात गेली.

*

दुसरं घर चामराजपेठेत. मालकीणबाईंना दम्याचा त्रास, शांतता हवी. नाना म्हणाले, काळजी करू नका, माझी मुलं तुमच्या खोलीशेजारीच बसून पळतील. बसून कसं पळतात ते बाईंनी विचारलं नाही, दार लावून घेतलं. तिसऱ्या घरी तर नानांनी वर हेही सांगितलं की मी कामावरून आलो की मीही त्यांच्याबरोबर तासभर पळतो आणि ही रात्री झोपताना थोडं पळते. ही म्हणजे आमची आई, नऊवारीतली.

दर वेळी मी शर्ट ओढला. दर वेळी तेच, मध्ये बोलू नकोस. तिसऱ्या घराहून परतताना नाना आईला फार खिन्न होऊन म्हणाले, "बंगळूरचे लोक शिक्षणाच्या इतके विरोधात असतील असं वाटलं नव्हतं."

*

त्या संध्याकाळी मी स्फोट केला. ताटावर बसल्या बसल्या सांगून टाकलं, तुमचा शब्दच चुकतोय, तुम्ही आम्हाला पळवताय. नानांचा विश्वास बसेना. पुस्तकात आहे, म्हणाले. मी म्हटलं, आणा पुस्तक.

पुस्तक आणलं. कन्नडमधला द आणि ड दिसायला जवळजवळ भाऊ-भाऊ. नानांनी पहिल्याच आठवड्यात द चा ड वाचला होता आणि तीन वर्षं तोच वहीत घोटला होता. स्वतःचं स्वतः शिकण्याचा हा नमुना. कुणा माणसाशी बोलून शिकले असते तर पहिल्या दिवशी कुणी हसलं असतं आणि तिथल्या तिथे चूक निघाली असती.

नानांनी ते अक्षर बोटानं पुन्हा गिरवून पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, चुकलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि मला विचारलं, "मग तू सांगितलं का नाहीस?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! शाळेत मुलांना गप्प बसवतात म्हणून ज्यानं मला शाळेतून काढलं, त्यानंच मला तीन घरांत तीनदा गप्प बसवलं होतं. हे मी म्हटलं. याच शब्दांत, वडिलांच्या तोंडावर, अकराव्या वर्षी. आई मला ओरडली नाही. तिनं नुसती नानांच्या ताटात आमटी वाढली, करपलेली.

*

दसऱ्याला चार दिवस उरले. पुण्याच्या गाडीत कुणाची सोबत मिळते का, याची आईनं चौकशी सुरू केली. शेवटचं एक घर बघायचं होतं, बसवनगुडीत. घरमालकीण एकटी राहायची, मोठ्या इस्पितळात मेट्रन म्हणून आयुष्य काढून रिटायर झालेली. एक भाग स्वतःला, एक भाग भाड्यानं.

जाताना वाटेत आईनं नानांना बजावलं, तुमचं तत्त्व आज खुंटीला टांगा. मुलं शाळेत जातात असं सांगा. आणि नाना हो म्हणाले! ज्या माणसानं जन्मात खोटं बोलायचं नाही असं आम्हाला शिकवलं, तो मान खाली घालून हो म्हणाला. विजू त्यांचं बोट धरून चालत होता. मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं चालत गेले. मला त्यांच्या जवळ चालायचंसुद्धा नव्हतं.

मेट्रनबाई उंच, ताठ, पांढरं पातळ. तिनं आम्हाला घर दाखवलं. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत सरळ लांबलचक पडवी, लाल गुळगुळीत जमीन. नाना दबकत चालत होते. ती म्हणाली, नीट चाला, इथे कुणी आजारी नाही. वॉर्डात मी जन्मभर 'ओडबेडि, ओडबेडि' म्हणत आले, पळू नका, पळू नका, पेशंट झोपलेत. आता ही पडवी आहे आणि मी आहे.

मग तोच प्रश्न आला. मुलं कुठल्या शाळेत?

नानांनी तोंड उघडलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. आईनं पदर घट्ट धरला. आणि मला इतका राग आला, नानांचा, आईचा, त्या पत्राचा, सतराच्या पाढ्याचा, की मी मध्ये बोलले. म्हटलं जाऊ दे हेही घर, पण वडिलांच्या तोंडून खोटं नको. आणि बरोबर शब्द माहीत असताना, मुद्दाम, नानांचाच शब्द घेतला.

"नावु शालेगे होगल्ल," मी म्हटलं. आम्ही शाळेत जात नाही. "मनेल्ले ओड्तीवि."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मध्ये बोलू नकोस म्हणाले नाहीत. आईनं डोळे मिटून घेतले.

मेट्रनबाईनं पडवीवरून एक नजर फिरवली. कोपऱ्यातली खुर्ची ओढून भिंतीला लावली, वाटेतली कुंडी पायानं बाजूला सारली, पडवी पार मोकळी केली. मग खुर्चीत बसली, मांडीवर किल्ल्या ठेवल्या आणि आम्हा दोघांना म्हणाली, "ओडि तोर्सि." पळून दाखवा.

विजू हसत सुटला. मी रागारागानं पळाले, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत आणि परत. धापा टाकत तिच्यासमोर येऊन उभी राहिले, तोवर मांडीवरच्या किल्ल्या आईच्या हातात गेल्या होत्या.

"इन्नोंदु सल," ती म्हणाली. अजून एकदा.