जात्याचे दुसरे भोक

सुहृदहो, सप्रेम नमस्कार.

अकरावीत शिकणाऱ्या माझ्या नातीने आज सकाळी आमचे जुने दगडी जाते अंगणात मांडले. फिरत्या तबकडीचा टॉर्क आणि कार्य तिला मोजायचे होते. त्या जात्याला खुंट्यासाठी दोन भोके आहेत: एक काठाशी, दुसरे मध्यापासून निम्म्या अंतरावर. खुंट्याला जोर मोजणारा ताणकाटा अडकवून तिने दोन्हीकडे ओढून पाहिले.

"आजोबा, आतल्या भोकाला जोर दुप्पट लागतोय."

"पण हात कमी फिरतो ना?"

"व्हय, पण काम तेवढंच. हे भोक कुणी पाडलं? लई शहाणा दिसतोय!"

ते मीच पाडून घेतले होते. पत्नीचा खांदा दुखू लागला, तेव्हा फेरा लहान केल्याने श्रम कमी होतील, असे मी मानले. पुढे कित्येक वर्षे मी पोथी वाचत असे आणि ती शेजारी त्याच आतल्या भोकातल्या खुंट्याने दळत असे. विचारले की म्हणे, "बरं हाय आता."

तिला जाऊन सहा वर्षे झाली. आज दुपारी पोथी उघडली, तर ओळीओळीतून जात्याची घरघर ऐकू येऊ लागली. पोथी मिटली, तरी घरघर थांबली नाही.

जोर वाढल्याचे पहिल्याच फेऱ्यात तिला कळले असणार. तुम्हीच सांगा, मग ती मला काहीच का बोलली नसेल?