शिलाईवालीची खुर्ची

आमच्या सेलूत ब्लाउज शिवणारी एक बाई आहे. गप्पांत रंगली की मशीन कधी थांबली, हे तिचं तिलाही कळायचं नाही. एका नवरीचा ब्लाउज तर असा राहिला, की लग्नाच्या मांडवातच बसून तिनं हुक लावले. पोरीची आई रडकुंडीला आलेली.

नंतर मी दुकानात गेले, तर गिऱ्हाइकांची खुर्चीच गायब!

"काऊन वं, बसू कुठं?"

"बसूच नका, काकू. माप द्या अन् निघा. तुम्ही बसल्या का माह्यी सुई थांबते."

राग यायचा तर मला हसूच आलं. आता कपडे वेळेत मिळतात. काल माझा ब्लाउज ती स्वतः घरी घेऊन आली आणि बाजेवर ऐसपैस मांडी घालून म्हणाली, "दुकान बंद करून आली, काकू. आता सांगा सगळं, पहिल्यापासून!"