कुजलेला वाख

मी चौथीपर्यंतच शिकले. अक्षर वेडंवाकडं आहे, चुकाही असतील. ज्याच्या हाती ही वही पडेल त्याने सांभाळून घ्यावं.

आज सून इथल्या, हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या बाजारातून गोंगुऱ्याची जुडी घेऊन आली. त्या आंबूस वासाने मी गावी पोचले. हीच आमची अंबाडी. कोरडवाहू रानात ज्वारीच्या कडेने ती पेरायचे. पाला भाजीला आणि सालीचा वाख, म्हणजे धागा, दोर वळायला.

छप्पन साली आपला जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात जाणार, हेच सगळे बोलत. मी दहा वर्षांची होते. साल सुटावी म्हणून ओढ्यात भिजत घातलेल्या अंबाडीच्या पेंढ्या वेळेवर काढायचं काम माझं. जळवांच्या भीतीने मी आठ दिवस उशीर केला. वाख कुजला, बोटांनी तुटू लागला. मार बसेल म्हणून मी तो गुपचूप चांगल्या वाखात मिसळला.

उन्हाळ्यात त्याच वाखाचा दोर कमरेला बांधून बापू विहिरीतला गाळ काढायला उतरू लागले. त्यांचा एक पाय आत गेला तेव्हा मी ओरडले, "बापू, नका उतरू! वाख कुजलाय!"

दोर धरलेले काका हसले. "लेक लई भित्री हाय रे तुझी!"

बापू हसले नाहीत. त्यांनी कमरेचा दोर सोडला, त्याला मोठा धोंडा बांधून आत सोडला. अर्ध्यातच दोर तुटला. खालून धप्पकन आवाज आला.

बापूंनी माझा दंड धरला. त्यांचा हात थरथरत होता. ते चिडले असं वाटून मी हिसका देऊन पळाले आणि संध्याकाळपर्यंत कडब्याच्या गंजीमागे लपून बसले. आता कळतं, तो हात रागाने थरथरत नव्हता.