लॉजमध्ये बोलावणं नसतं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते टूलरूममधल्या माझ्या पहिल्या साहेबांचे. डिप्लोमा घेऊन तालुक्याच्या गावातून मी आकुर्डीत आलो. संध्याकाळच्या पदवीवर्गाला जाता यावं म्हणून त्यांनी मला कायम सकाळचीच पाळी लावली. घरातला पहिला पदवीधर मी त्यामुळे झालो.

साहेब दापोडीचे, मुसलमान, नमाजाला पक्के, आणि फ्रीमेसन, म्हणजे एका जुन्या, जगभर पसरलेल्या बंधुसंघाचे सभासद. महिन्यातल्या एका गुरुवारी काळा सूट घालून जायचे. कुठे, ते कधी सांगितलं नाही. शेवटी मीच विचारलं.

ते हसले. "किती दिवस वाट बघतोय. आमच्यात बोलावणं नसतं, बाबा. ज्याचं त्याने विचारायचं असतं."

मी अर्ज केला आणि सभासद झालो. इथले कारखाने नवे होते तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी आमची लॉज, म्हणजे फ्रीमेसनांची इथली शाखा, सुरू केली. पारशी, मल्याळी, मराठी, पंजाबी. सभासद होताना शपथ ज्याने त्याने आपापल्या धर्मग्रंथावर घ्यायची. आत धर्म आणि राजकारण काढायचं नाही, कुणी आजारी असेल तर घरी जायचं, गरजू मुलांच्या शिक्षणाला हातभार लावायचा. कंपनीत मात्र विचारायचे, "काय राव, आत बकरा कापता म्हणे?"

"कापतो की," मी म्हणायचो. "तुझ्यासारखा धष्टपुष्ट मिळाला पाहिजे फक्त."

मग कारखाने चाकणकडे सरकले आणि सभासद म्हातारे होत गेले. काही वारले, काही परदेशी मुलांकडे गेले. साहेबांचे गुडघे आणि कान दोन्ही थकले, तेव्हा मुलगी त्यांना सोलापूरला घेऊन गेली. खुर्ची घ्यायला कोणी नाही म्हणून दरवर्षी अध्यक्ष मीच. चाकणच्या ट्रॅफिकमधून आकुर्डीचा हॉल गाठायचा, काळ्या-पांढऱ्या चौकटींचा गालिचा अंथरायचा, सहा डोकी बघून पुन्हा गुंडाळायचा. आमच्याकडे बैठक सुरू करायला सात सभासद लागतात. यंदा सातवा मिळाला नाही तर सनद, म्हणजे लॉज चालवायचा परवाना, परत करून लॉज बंद करायची, असं ठरलं होतं.

दिवाळीनंतर आमच्या लाइनवरच्या लातूरच्या इंजिनिअरने आपणहून विचारलं, "सर, सूट घालून कुठं जाताव?"

मी सगळं सांगितलं. इतकं सलग कितीतरी दिवसांत बोललो नव्हतो.

"मोठे लोक असतील ना तिथं? चांगल्या नोकरीचं होईल का काही?"

अर्जावर लिहून द्यावं लागतं, की मी स्वतःच्या फायद्यासाठी येत नाही. हो म्हटलं असतं तर पोरगा बिनदिक्कत सही करून आला असता.

"नाही," मी म्हणालो. "नोकरीचं काही होत नाही."

"मग काय मिळतंय, सर?"

"जेवण चांगलं असतं."

"ओव्हरटाइम बुडवून जेवायला?" तो हसला. मीही हसलो.

त्याच आठवड्यात मी साहेबांना लिहिलं:

आदरणीय साहेब,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून लिहितो. सनद परत करायचं ठरलं. एक मुलगा येत होता, पण नोकरीच्या आशेने. मी त्याला खरं ते सांगितलं. बाकीचे पुण्याच्या लॉजमध्ये जातील. मी जाईन की नाही, माहीत नाही. फार दमलोय, साहेब.

हॉल रिकामा करायला घेतलाय. शपथेचे ग्रंथ ज्याचे त्याला देतोय. तुमचं कुराण पोस्टाने पाठवायला मन होत नाही. एखाद्या रविवारी मीच घेऊन येतो. कसं बांधून आणायचं, काय पाळायचं, तेवढं मुलीकडून कळवा.

तुमचा,
आज्ञाधारक