माख्तेल्डच्या डोक्यावरचा क्रूस

ब्रूज शहरातल्या मेणबत्तीवाल्यांच्या चॅपेलात माझ्या हातचं एक चित्र आहे. ओकच्या फळीवर गोठा, गाय-गाढव, गवतावर बाळ येशू. खाली कोपऱ्यात हात जोडून गुडघ्यांवर बसलेलं, चित्र करवून घेणाऱ्या हाइलविखचं कुटुंब: एकीकडे नवरा आणि मुलगा लीवेन, दुसरीकडे ती आणि धाकटी माख्तेल्ड. लोक गोठा बघून गहिवरतात. त्या कोपऱ्याकडे बघायची मला लाज वाटते.

आमच्याकडे चित्रातल्या घरच्यांपैकी जो देवाघरी गेला, त्याच्या डोक्यावर बारीकसा तांबडा क्रूस काढतात. येणारा-जाणारा मग त्याच्यासाठी एक प्रार्थना म्हणतो. चित्र पुरं होत आलं तेव्हा चार वर्षांची माख्तेल्ड तापाने फणफणली होती. वैद्याने हात टेकले होते, आणि चित्र नाताळला उघडायचं होतं.

"गोसेनभाऊ, क्रूसाचं तेवढं थांबा," हाइलविख म्हणाली. "पोर अजून श्वास घेतेय."

मी हो म्हणालो आणि तिची पाठ वळताच क्रूस काढून मोकळा झालो.

नाताळच्या सकाळी चित्रावरची झाकणाची दारं उघडली, तेव्हा माख्तेल्ड आईच्या कडेवर होती. ताप उतरला होता. हाइलविखने त्या क्रूसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने पोरीचं तोंड खांद्यात दाबून धरलं. दुसऱ्याच दिवशी मी क्रूस खरवडला. महिन्याभरात धडधाकट लीवेन त्याच तापाने गेला. त्याचा क्रूसही मीच काढला.

शहर मोठं असलं तरी गल्ली ती गल्लीच. मरण आलं होतं पोरीसाठी, गोसेनने खूण पुसली म्हणून भावाला घेऊन गेलं, असं लोक बोलू लागले. गोसेनच्या हाताला आधी कळतं म्हणे. मी गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, त्या बोलण्याने मला मान मिळाला.

माख्तेल्ड मान खाली घालूनच वाढली. चॅपेलच्या दारात मेणबत्त्या विकायची आणि त्यातली सगळ्यात चांगली चित्रातल्या लीवेनपाशी लावायची. दोनदा लग्न जुळलं, दोनदा तिनेच मोडलं. आई तिला कधी टोचून बोलली नाही. पण जेवायला बसताना आधी लीवेनच्या रिकाम्या जागेकडे बघायची.

परवा हाइलविखला पुरलं. काल माख्तेल्ड माझ्याकडे आली.

"काका, आईचा क्रूस काढायचाय. आणि माझाही परत काढा."

"वेड लागलं का तुला? चांगली जितीजागती आहेस."

"तो माझ्या वाटणीचा होता. देवानेच तो तुमच्या हातून रंगवून घेतला होता. वीस वर्षं मी लीवेनचं आयुष्य खातेय. निदान चित्रात तरी खरं असू दे."

मी कुंचला खाली ठेवला.

"देव-बीव काही नव्हता, पोरी. चित्र एकदा वर चढवलं की पुन्हा शिडी, पुन्हा रंग, थंडीत पुन्हा पायपीट. मला कंटाळा आला होता. तू जाणारच असं धरून चाललो आणि उरकून टाकलं."

तिने माझ्या हातांकडे पाहिलं.

"कंटाळा?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"लाज वाटली."

तिने शाल डोक्यावर घेतली. दारापाशी जाऊन थांबली.

"उद्या आईचा तेवढा काढा," ती म्हणाली. "आणि काढताना हे तिला सांगा. मोठ्याने. मी शिडी धरून खाली उभी असेन."