याडी म्हणजे येडी न्हाई

नात लहानसा शिनेमा काढून राहिली. त्यात ना गाणं, ना मारामारी. म्हणे, "आजी, तुझं घर कोणतं, तुझी बोली कोणती, तू कोण, एवढंच सांग." एवढंच! मी म्हणलं, बाई, मी एका हाकेचं सांगते.

निजामाचं राज होतं. मी सात-आठ वर्साची. बा तापानं गेला, अन् आमी मायलेकी तांडा सोडून कुरुंद्याला हळदीच्या कामाला आलो. आमच्या बंजाऱ्यायच्या गोरमाटी बोलीत आईला याडी म्हणतात. मी वावरात हाक मारली, "याडी!" तं हळद येचता येचता बाया खाली बसून हसल्या.

"बघा गं, पोरगी मायलाच येडी म्हणून राहिली!"

याडीनं मला बाजूला घेतलं. "इथं आई म्हणत जा. काम टिकलं पाहिजे." तिनं सोताचा घागरा गठुड्यात बांधला अन् मालकिणीनं देलेलं जुनं लुगडं नेसली. मी मुकाट्यानं आई म्हणू लागले.

मग वसमतच्या बाजारात तिचा पदर माझ्या हातातून सुटला. जिकडं पाहावं तिकडं तसलीच लुगडी. घागरा असता तं लांबून दिसला असता. "आई! आई!" वरडत फिरले. धा बाया वळल्या, माही एकबी न्हाई.

"कोणाची गं तू?" एकीनं इचारलं.

काय सांगावं? बा न्हाई, तांडा लांब. ही गेली तं मी कोणाचीच न्हाई, एवढं कळत होतं. तेव्हा पोटातून निघालं, "याडीऽऽ!"

"कोण येडी गं?" बांगड्यावाला हसला. त्याचं हसू पुरं व्हायच्या आत ती लोकायला ढकलत आली. आधी एक रट्टा देला, मग कवटाळलं.

"आधी काहून न्हाई वरडली?"

"वरडत होते की. आई म्हणून."

"मला काय ठावं, ती आई मी हाय म्हणून!"

दुसऱ्या दिवशी वावरात मी याडीच म्हणलं. बाया हसल्या. हसू दे. पुढच्या सालाला त्याच तिला म्हणायच्या, "ए याडी, पाणी आण वं."

सांगून झालं तं नातीनं म्हणून पाहिलं, "येडी."

"आता खरी येडी तू," मी म्हणलं. "तोंड उघड. या. डी."

तिसऱ्या बारीला बराबर आलं. शिनेम्यात तेच ठेवते म्हणून राहिली.