उबवणीच्या खोलीतला डेस्कटॉप

वहिनींना डेस्कटॉपची, म्हणजे स्क्रीनवरच्या चित्रांच्या आणि आयकॉनच्या पसाऱ्याची, शिसारी यायची. कोंबडीची अंडी उबवायच्या त्या खोलीतला लिनक्सवर चालणारा संगणक त्यांनी स्वतः बसवला होता, तोही डेस्कटॉपशिवाय. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, बास. तोच तापमान बघायचा, तोच हीटर चालू-बंद करायचा. वहिनी दोन शब्दांची कमांड द्यायच्या की उत्तर हजर. चित्रं कशाला हवीत? अंडी थोडीच बघणार आहेत?

पण नवऱ्यामागे धंदा धाकट्या दिराच्या नावावर, आणि भाऊजींना दिखाव्याची भारी हौस. एक बडं गिऱ्हाईक उबवणी केंद्र बघायला येणार होतं.

"वहिनी, ते काळं भूत झाका हो. जरा आयकॉन, आलेख, काहीतरी दिसू द्या," भाऊजी म्हणाले.

"अंडी फुटायला आलीत. पिल्लं बाहेर पडू देत, मग करा काय थेरं करायचीत ती."

"माणसं उद्या येतायत."

वहिनींनी दातओठ खात डेस्कटॉप चढवला. काय काय आत शिरलं! गाणी वाजवणारं, फोटो रंगवणारं, पत्ते खेळणारं. उबवणीच्या खोलीत पत्ते! हीटरचं काम नीट चालतंय एवढं बघितलं आणि त्या उठल्या. नव्या सेटिंग्ज उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीत. त्या घाणीला आणखी हात लावायची इच्छाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. भाऊजींनी माउस फिरवून फिरवून आलेख दाखवले, वाहवा मिळवली. संध्याकाळी सगळे आपापल्या घरी गेले.

सकाळी वहिनींनी दार उघडलं तर खोली गार. कालपर्यंत कवचाआडून चिवचिव येत होती, आज कान लावूनही काही ऐकू येईना. त्यांनी एक अंडं उचलून पापणीला टेकवलं, ऊब तशीच कळते. मग दुसरं. मग खालच्या ट्रेमधलं. माउस कोणी हलवला नाही म्हणून डेस्कटॉपने अख्खा संगणक झोपवला होता, आणि हीटर लावायला कोणी जागं नव्हतं. झोपू नकोस, एवढं सांगायची सोय त्या न उघडलेल्या सेटिंग्जमध्येच होती. भाऊजींचा कधी आला नव्हता इतका वीट त्यांना स्वतःचा आला.

मागून भाऊजी आले. त्यांनी माउस हलवला. स्क्रीन उजळली, वर रंगीबेरंगी फुलांचं चित्र.

"चालू तर आहे की," ते म्हणाले.

वहिनींनी हातातलं अंडं त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"लावा पापणीला," त्या म्हणाल्या.